गुंडाळी

रात्री साडेबाराला बाबांचं मशीन थांबतं
तेव्हा कळतं, इतका वेळ घरात काहीतरी घरघरत होतं.
घोडपदेव, तिसरा मजला,
खाली ट्रकवाल्यांचा रेडिओ.

मी मास्क काढते, औषधाची वाटी फिरवून सोडवते,
कोमट पाणी, व्हिनेगरचं एक झाकण,
पंधरा मिनिटं.

त्या पंधरा मिनिटांत
पर्सच्या आतल्या कप्प्यातून माझंही काढते.
बंदी आहे त्यावर, माहीत आहे.
गॅसच्या ओट्यावर जुना टॉवेल,
त्यावर तोंडाकडची नळी, काच, बूड
आणि तीन बारीक वायसर.
एकदा एक मोरीत गेला,
आठवडाभर माझ्या नोटांना कैरीचा वास.

गोड स्वादाचं असंच होतं,
साखर जळून तारेला धरते.
आधी नळाखाली, मग जुना कापूस चिमट्याने ओढायचा,
मग उघड्या तारेला जराशी वीज, सोडायची, पुन्हा जराशी.
मधोमध लाल व्हायला हवी,
तिथून कडांकडे.
एकाच बाजूने पेटली तर कुठेतरी वेढा वेढ्याला खेटलाय.
माझी नेहमी एकाच बाजूने पेटते.

शनिवारी बाबा पाण्यासाठी उठले.
हल्ली ते खुर्चीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून दारापर्यंत
असे टप्प्याटप्प्याने येतात.
"ह्यां काय गो?"
ऑफिसचं, मी म्हटलं.
किती मूर्ख उत्तर. मी बँकेत आहे.

एकतीस वर्षं गोदीत प्रेशरची घड्याळं लावलेला माणूस.
इंजिनरूममधल्या पाइपांवर गुंडाळलेल्या
त्या पांढऱ्या थराबद्दल डॉक्टर अजून विचारतात,
कुठलं साल, कुठलं जहाज, तोंडाला काही बांधायचा का.
तेव्हा सगळे त्याला कापूसच म्हणत.
दुपारी त्यावरच डोकं टेकून झोपत.

मी ओरड्याची वाट बघत होते.
त्यांनी फ्रीजवरचा चष्मा घेतला.
"कितीच्या ड्रिलार गुंडाळलंस?"
अडीच.
"हात हलता तुजो."
त्यांचाही हलत होता.
दोनदा तार सुटली, एकदा ओट्याखाली गेली,
मी वाकून, मोबाइलच्या उजेडात, झुरळाच्या औषधाशेजारून काढली.
तिसऱ्यांदा साडेपाच वेढे,
एकमेकांना लागून, शाळेतल्या रांगेसारखे.
बटण दाबलं.
मधोमध लाल, तिथून कडांकडे.
आम्ही दोघं काही न बोलता बघत राहिलो,
उगाचच तीन-चार वेळा दाबलं.

कापूस मी भरायला घेतला.
"इतको दाबून नको भरू.
वाऱ्याक वाट ठेव."

हे बोलले आणि त्यांना बसावं लागलं,
वाकून उभं राहणं फार झालं होतं.
खुर्चीत बराच वेळ ते फक्त
आत घेणं आणि बाहेर सोडणं एवढंच करत होते.
मी पाठीवर हात ठेवला नाही, त्यांना आवडत नाही.
मग म्हणाले, "धूर?"
वाफ.
"माज्या मशिनीतसून पण वाफच येता."
कशासाठी म्हणाले ते
मला कळलं आणि कळलं नाही.
बाटली हुंगली. झाकण पुन्हा नीट लावलं.

पंधरा मिनिटांची चाळीस झाली होती.
वाटी, मास्क, काच, नळी
सगळं एकाच टॉवेलवर पालथं घातलं.
सकाळी आई उठली माझ्याआधी,
तिने सगळं पुसून एकाच डब्यात भरलं,
बडीशेपेच्या.
विचारलं काही नाही. कदाचित तिला ते एकाच मशीनचं वाटलं.

आठवडाभर मी ती ओढली नाही.
सोडली, असंही नाही.
तार फार सुबक झाली होती,
काळी करावीशी वाटेना.

परवा केली.